माझ्या वजनाची स्प्रिंग

मी लहानपणापासून अंगानं दांडगा. आमच्या घरात बाकी सगळे किडकिडीत. वडील नगरपालिकेत कारकून होते, त्यांची खांद्याची हाडं शर्टातून दिसायची. मी आजोळावर गेलो असं आई म्हणायची. शाळेत कबड्डीला मला घ्यायचे ते भिंतीसारखं मध्ये उभं करायला. मोटरसायकलच्या शर्यतीत उतरणारा माणूस म्हणून मला बघून कुणाला खरं वाटलं नसतं. पण मी उतरायचो, आणि मला उतरवलं होतं माझ्या चुलतभावानं.

तो मोठ्या काकांचा मुलगा, माझ्याहून बराच मोठा. मी त्याला दादा म्हणायचो. ऐंशीच्या दशकात तो स्वतः मातीतल्या शर्यती पळायचा. एकदा पडला, गळ्याजवळचं हाड मोडलं, ते वाकडंच सांधलं गेलं, आणि त्यानं पळणं सोडून गाड्या बनवणं धरलं. अंजूरकडे जाणाऱ्या रस्त्याला, दुसऱ्याच्या शेताच्या तोंडाशी पत्र्याची शेड टाकून त्यानं गॅरेज काढलं होतं. पुढे स्कूटर आणि रिक्षांची कामं, मागे आडोशाला आमची गाडी.

आमची गाडी म्हणजे शंभर सीसीची टू-स्ट्रोक. अपघातात चेपलेली, कुणी घेईना म्हणून दादाकडे पडून राहिलेली. त्यानं तिचे दिवे काढले, मडगार्ड कापली, सायलेन्सर वर उचलून सीटच्या बाजूनं वळवला, खाचांचे टायर चढवले. मी तेव्हा नुकताच कॉलेज संपवून एका सुताच्या गोदामात कारकुनी करत होतो. आमच्या भिवंडीत शुक्रवारी लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असायचे, म्हणून आमचं गोदामही बंद. भात कापून झालं की खाचरं वाळून टणक व्हायची. त्या खाचरांतून आणि बांधांवरून आम्ही शुक्रवारी गाडी पळवायचो. बघायला गावातली माणसं यायची, सुट्टीवरचे लूम कामगार यायचे, आणि मी बांधावरून उडालो की कुणीतरी हमखास ओरडायचं, "अरे, हाथी उड़ गया!"

मला राग यायचा नाही. उडताना खरोखरच हलकं वाटायचं. उतरताना मात्र नाही.

खाली आलो की मागचे दोन्ही शॉकअप पूर्ण दबायचे आणि धाडकन आवाज व्हायचा. चाक मडगार्डच्या तुकड्याला घासायचं, गाडीचं ढुंगण एका बाजूला सरकायचं, आणि माझ्या कमरेतून मानेपर्यंत कळ जायची. मी सावरेपर्यंत बाकीचे पुढे निघून गेलेले असायचे. आदल्या वर्षी असंच होऊन मी पडलो होतो आणि मनगट मोडून घेतलं होतं. आईनं अबोला धरला. वडील बोलले काहीच नाहीत, फक्त प्लास्टर निघेपर्यंत रोज सकाळी माझ्या शर्टाची बटणं त्यांनी लावली.

मी दादाला म्हटलं, "वजन कमी करायला हवं मला."

दादा खाली बसून मागच्या स्प्रिंगकडे बघत होता. म्हणाला, "वजन राहू दे. स्प्रिंग बदलू. ही कारखान्यानं साधारण माणसासाठी दिलेली आहे. तू साधारण नाहीस."

माझ्या अंगाबद्दल एवढं चांगलं तोवर मला कुणी बोललं नव्हतं. मी ते वाक्य घेऊन घरी गेलो आणि पुढचे कितीतरी दिवस तेच वागवत होतो.

त्या वर्षी मानकोलीच्या पुढच्या माळावर मोठी शर्यत ठरली होती. ठाणे-कल्याणकडची पोरं येणार होती, पुण्याकडचीही येतील असं बोललं जात होतं. दादा म्हणाला, ही तुझी. स्प्रिंग तू शोध, मी बसवतो.

पहिल्यांदा मी सगळ्यांना सुचेल तेच केलं. दूधवाले दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून चालवतात त्या जड गाडीच्या स्प्रिंगा आणल्या. तार अंगठ्याएवढी जाड. घट्ट म्हणजे चांगली, असा माझा हिशोब. त्या बसवल्या आणि पहिल्याच बांधावर गाडीनं मला घोड्यासारखं झुगारून दिलं. स्प्रिंग दबलीच नव्हती. मातीतलं प्रत्येक ढेकूळ थेट पाठीत लागत होतं, आणि जेवढी थोडी दबायची तेवढ्या जोरानं उलटी उसळायची. दादा हसत धावत आला. मला उठवत म्हणाला, "नरम चालत नाही तशी कडकही चालत नाही. तू बसलास की थोडी बसली पाहिजे, उतरलास की बाकीची. तळाला टेकता कामा नये, एवढंच."

मग मी शोधायला लागलो. कल्याण रस्त्यावरच्या भंगारवाल्यांकडे गोदाम सुटलं की जायचो. स्प्रिंगांचे ढीग असायचे, रिक्षाच्या, स्कूटरच्या, लूमच्या, कशाकशाच्या. लांबी जुळली तर आतलं भोक लहान असायचं, भोक जुळलं तर एक स्प्रिंग चांगली आणि जोडीची थकलेली. दिसायला सारख्या दोन स्प्रिंगा हातात घेऊन मी दाबून बघायचो, पण हाताला काय कळणार?

त्यावर उपाय गोदामातच सापडला. सुताची पोती तोलायचा मोठा काटा होता आमच्याकडे. स्प्रिंगमध्ये बसेल असा पाईपचा तुकडा मी तिच्यापेक्षा इंचभर आखूड कापून घेतला. स्प्रिंग काट्यावर उभी करायची, आत पाईप, वर फळी. फळीवर जोर देत जायचं. फळी पाईपला टेकली की स्प्रिंग बरोबर इंचभर दबली. त्या क्षणी काट्यावर वजन किती, ते बघायचं. जिचं वजन जास्त ती कडक.

गोदामाचे मालक कोकणी मुसलमान, कैक पिढ्या भिवंडीतच धंद्यात असलेले, सगळे त्यांना चाचा म्हणत. एकदा ते दारातून बघत उभे राहिले.

"क्या तौल रहा है तू? सूत का भाव गिर गया, अब स्प्रिंग बेचेगा?"

मी सांगितलं. त्यांनी लगेच चष्मा लावला आणि काट्यापाशी येऊन उभे राहिले. "तू दाब, मी वाचतो," म्हणाले. त्यानंतर मी नवीन स्प्रिंग आणली की ते स्वतःच विचारायचे, "आज काय आणलंस?" नमाजाला जायच्या आधी एखादी तोलून होई.

शेवटी मिळाली ती जोडी कुठल्यातरी परदेशी गाडीची असावी. लाल रंग पोपडे धरून निघालेला. जुन्या स्प्रिंगपेक्षा तार जाड, दूधवाल्याच्या गाडीच्या स्प्रिंगपेक्षा बारीक, आणि दोन्ही काट्यावर अगदी सारख्या भरल्या. लांबीला जरा कमी होत्या, म्हणून दादानं ओळखीच्या लेथवरून जाड वायसर कापून आणले.

शॉकअपवर स्प्रिंग बसवणं हे एका माणसाचं काम नाही. स्प्रिंग दाबून धरावी लागते, आणि ती दबलेली असेतोवर वरच्या टोकाला दोन अर्धगोल कड्या सरकवाव्या लागतात. कड्या बसल्या की त्याच स्प्रिंगला अडवून धरतात. आमच्याकडे त्यासाठीचं हत्यार नव्हतं. शॉकअपचं खालचं टोक व्हाइसमध्ये आवळायचं, एकानं दोन्ही हातांनी सगळं अंग टाकून स्प्रिंग खाली दाबायची, आणि दुसऱ्यानं बोटं आत घालून कडी लावायची. दाबणाऱ्याचा हात सुटला तर दुसऱ्याची बोटं गेली.

मी दांडगा, म्हणून दाबायचं काम माझं. बोटं दादाची. पहिली कडी बसली, दुसरी अडकली. माझे दंड थरथरायला लागले. मी म्हटलं, "दादा, हात काढ, सुटेल."

"नाही सुटणार," तो खाली बघतच म्हणाला. "तू आहेस ना."

कडी बसली. दोन्ही शॉकअप चढवून झाल्यावर मी गाडीवर बसलो आणि दादानं चाकाच्या आसापासून सीटखालच्या खुणेपर्यंत सुतळी धरून मोजलं. मग हूक पान्यानं स्प्रिंगचा ताण ठरवणारी खालची रिंग एक घर फिरवली, पुन्हा मोजलं. पुन्हा फिरवली. मी बसलो की गाडी थोडी खाली यायची आणि थांबायची, ओळखीच्या माणसानं सरकून जागा द्यावी तशी. दादानं दोन्ही स्प्रिंगांना काळा रंग दिला.

त्या शुक्रवारी मी खाचरात पळवली तेव्हा बांधावरून उतरल्यावर आवाजच झाला नाही. मी वळून पाहिलं, खरंच उतरलो का म्हणून. मागचं चाक जमिनीला धरून होतं. मी आणखी एक बांध घेतला, मग आणखी एक. दादा लांबून दोन्ही हात वर करून उभा होता. गाडी माझ्या मापाची शिवल्यासारखी झाली होती. आयुष्यात शर्ट सोडला तर माझ्या मापाचं काही नव्हतं तोवर.

शर्यतीच्या आठवड्यात दादा म्हणाला, "आता गाडी इथेच ठेव. इंजिन उघडून एकदा बघतो. तू उगाच चालवू नकोस, एखादी वस्तू तुटेल." मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मी गोदामात मन न लागता बसलो. चाचांनी शुक्रवारी शर्यत बघायला स्वतः यायचं कबूल केलं होतं.

शर्यतीच्या सकाळी दादा गाडी टेम्पोत घालून आधीच माळावर गेला होता. मी मागून रिक्षानं पोचलो. अंगात कुणाचं तरी जुनं चामडी जॅकेट, पायात गमबूट, हातात हेल्मेट. माळावर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, चहाच्या गाड्या लागल्या होत्या. दादा टेम्पोमागे गाडीपाशी उकिडवा बसून चेन बघत होता. मला बघून उठला नाही. मी हाक मारली, हेल्मेट टेम्पोच्या फळीवर ठेवलं, आणि सवयीनं गाडीवर टांग टाकून बसलो.

गाडी खाली गेली. आणि जातच राहिली.

आधी वाटलं, कडी निसटली. मी उतरलो, खाली वाकून पाहिलं. स्प्रिंग काळीच होती. पण तार बारीक होती. मी बोट लावून बघितलं. वेढे जास्त होते, वायसर नव्हता, आणि खालची रिंग सगळ्यात सैल घरात होती. दुसऱ्या बाजूला जाऊन पाहिलं. तिथेही तेच. ही स्प्रिंग कुणा हलक्या माणसासाठी होती. कारखान्याच्या साधारण माणसाहूनही हलक्या.

"दादा, स्प्रिंग बदलली?"

तो चेनच बघत राहिला.

"दादा, हिच्यावर मी कसा पळणार? बसल्या बसल्याच तळाला टेकतेय."

तेवढ्यात जीप येऊन थांबली. ज्यांच्या जमिनीवर दादाची शेड होती ते मालक उतरले, आणि मागून त्यांचा मुलगा. माझ्याच वयाचा, काटकुळा, अंगात नवं कोरं जॅकेट, गुडघ्याला पट्टे, हेल्मेटही नवीन. त्यानं आमच्या गाडीच्या सीटवर हात ठेवला. मालक दादाला म्हणाले, "काय रं, तयार हाय ना?"

दादा म्हणाला, "हो शेठ, तयार आहे."

मला कळायला वेळ लागला असं म्हणता येणार नाही. स्प्रिंगनं सगळं आधीच सांगितलं होतं. मी फक्त ते दादाच्या तोंडून ऐकायचं म्हणून उभा होतो. मुलगा गाडी घेऊन फेरी मारायला गेला. त्याच्या खाली ती बरोबर तेवढीच बसली जेवढी बसायला हवी.

"दादा, हे काय?"

आता तो उठला. हात पुसत माझ्याकडे न बघता म्हणाला, "शेठला शेडची जागा एका गोदामवाल्याला द्यायची होती. पोराला गाडी पळवायचीय, पळवू दिली तर शेड राहील म्हणाले. मी काय करणार होतो? घर त्या शेडवर चालतं."

"मग मला सांगायचं होतंस."

"सांगणार होतो."

"कधी?"

त्यानं हातातलं फडकं टेम्पोत टाकलं. आणि मग माझ्या डोक्यात दुसरंच काही आलं. ती स्प्रिंग एकट्यानं बदलता येत नाही. गॅरेजमध्ये दादा एकटाच असायचा. म्हणजे कुणीतरी दाबून धरली होती, किंवा कुणीतरी कड्या घातल्या होत्या.

"दुसरा कोण होता?" मी विचारलं.

"सोड ना आता."

"दुसरा कोण होता, दादा?"

तो म्हणाला, "काका."

काका म्हणजे माझे वडील.

शर्यत मी पाहिली. चाचा ठरल्याप्रमाणे आले होते, त्यांनी मला गर्दीत उभं बघून विचारलं, "तू इथे कसा? तुझी गाडी कोण चालवतंय?" मी म्हटलं, "दादाच्या जागामालकांचा मुलगा." त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. निघून न जाता शेवटपर्यंत माझ्या शेजारी उभे राहिले.

तो मुलगा चांगला पळाला. खोटं कशाला सांगू? उड्या नीट घेतल्या, उतरताना गाडी सरळ राहिली, दुसरा आला. दादानं त्याला मिठी मारली. माझ्या मनात होतं की तो पडावा, आणि तो प्रत्येक उडीनंतर नीट उतरत होता.

घरी गेलो तेव्हा वडील ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. शुक्रवारी त्यांचं ऑफिस असायचं, पण त्या दिवशी ते घरी होते. माझ्या अंगातलं जॅकेट धुळीशिवाय परत आलेलं त्यांनी पाहिलं आणि पेपर घडी करून मांडीवर ठेवला.

"बाबा, तुम्ही दादाच्या गॅरेजात गेला होतात?"

"गेलो होतो."

"तुम्ही कडी घातलीत?"

"मी घातली. त्यानं दाबून धरली." मग म्हणाले, "अवघड काम आहे ते."

ज्या माणसानं घरात कधी खिळा ठोकला नव्हता, त्यानं दादाच्या भरवशावर बोटं स्प्रिंगमध्ये घातली होती. मला पळू न देण्यासाठी. मला ओरडायचं होतं, पण ओरडलो नाही. मी विचारलं, "का?"

"तुझं मनगट मोडलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा मोडलं तर हात नीट चालणार नाही. तुला सांगितलं नव्हतं. तुझ्या दादाला शेड वाचवायची होती, तो माझ्याकडे आला, म्हणाला काका, तुम्ही हो म्हणा, म्हणजे माझ्यावर एकट्यावर यायचं नाही. मला वाटलं, बरंच झालं."

"मला नको म्हणायचं होतंत."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. भांडलो असतो. पण तुम्ही माझ्याशी भांडला असतात, बाबा."

त्यांना ते समजलं नाही. त्यांच्या दृष्टीनं मुलगा धडधाकट घरी आला होता. आई आतून म्हणाली, हातपाय धुऊन घे, पानं वाढलीत. तिच्या आवाजावरून कळलं की तिलाही माहीत होतं. मी महिनाभर स्प्रिंगा आणून घरात ठेवत होतो, पेपरवर काढून दाखवत होतो, ती पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. शेवटच्या आठवड्यातही तिनं ऐकून घेतलं होतं.

माझी काळी रंगवलेली जोडी दादानं नंतर घरी पाठवली, फडक्यात बांधून. मी ती भंगारात घातली. दादाकडे जाणं बंद केलं. तो लग्नाकार्यात भेटायचा, मी बोलायचो, पण परक्याशी घसा खाकरून बोलावं तसं. पुढे दोन-तीन पावसाळे झाले आणि शेठनी ती जागा गोदामाला दिलीच. शेड गेली. दादानं कल्याणला कुणाच्या तरी गॅरेजात नोकरी धरली. ते ऐकून मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. वहिनीला एकटीला सामान टेम्पोत भरताना पाहिलं तेव्हा मी जाऊन हात लावला. आतून येत दादा म्हणाला, "जड आहे, जपून." तेवढंच आमचं बोलणं.

मी पुन्हा मातीत गाडी चालवली नाही. कुणी मनाई केली नव्हती. पण उडताना नीट खाली उतरण्याची खात्री असावी लागते, आणि ती मला आता कुणाच्याही हातच्या कामाबद्दल वाटेना.

वडील निवृत्त झाल्यावर त्यांचे गुडघे धरले. मी त्यांना महिन्या-दोन महिन्यांनी अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन जायचो. ते काठावर बसून पाय पाण्यात सोडायचे आणि मी शेजारी. एकदा तसेच बसलेले असताना, पाण्याकडे बघत ते म्हणाले, "त्या मुलाचं काय झालं रे? शेठच्या? पुढे चालवली का त्यानं गाडी?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"छान चालवायचा म्हणे. तुझा दादा सांगायचा." मग पाय जरा हलवत, अगदी समाधानानं म्हणाले, "बरं झालं, तू वेळेवर सोडलंस ते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर कसलाच डाग नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की मी सोडलं. एवढ्या वर्षांत त्यांनी ते मनाशी तसंच लावून घेतलं होतं, आणि आता त्यांना ते काढून दाखवण्यात अर्थ नव्हता. पाणी फार गरम लागायला लागलं म्हणून त्यांनी पाय वर घेतले. मी टॉवेल उलगडून त्यांचे गुडघे पुसायला बसलो.